डॉज, फारगो, डिसोटो: एकाच ट्रकची तीन नावं आणि तो कुर्ल्यात बनवणारा सोलापूरचा वालचंद

पुण्याहून नाशिक रोडला लागलं की आंबेगावचं मंचर येतं, मग जुन्नरचं नारायणगाव, पुढे आळेफाटा. या सगळ्या पट्ट्यात आजही रेल्वे नाही. कांदा असो, बटाटा असो, टोमॅटो असो, नाहीतर जत्रेला निघालेला नारायणगावचा तमाशाचा फड असो, सगळा कारभार ट्रकच्या भरवशावर.

अशा भागात एखाद्या गॅरेजच्या मागे किंवा बांधावर जुन्या ट्रकचा सांगाडा दिसतो. गोलसर नाक, जाडजूड मडगार्ड, तुटलेली काच. कुणीतरी फोटो काढतं, ग्रुपवर टाकतं आणि वाद सुरू होतो. एक म्हणतो डॉज, दुसरा म्हणतो फारगो, तिसरा डिसोटोवर ठाम. कुणी १९४८ सांगतं, कुणी १९६०. अमेरिकन आहे यावर मात्र सगळ्यांचं एकमत असतं.

गंमत म्हणजे नावाच्या बाबतीत तिघंही बरोबर असू शकतात आणि एकमत झालेली गोष्टच चुकीची निघू शकते.

कारण डॉज, फारगो आणि डिसोटो हे तीन ट्रक नव्हतेच. ट्रक एकच, त्यावरची नावाची पट्टी वेगळी. आणि भारतात तो बनत होता मुंबईच्या कुर्ल्यात. तिथे तो बनावा म्हणून एका माणसाने ऐन म्हातारपणापर्यंत धडपड केली. त्याचं नाव वालचंद हिराचंद दोशी.

आधी तीन नावांचं कोडं सोडवू.

अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीकडे अनेक ब्रँड होते आणि प्रत्येक ब्रँडचे डीलर वेगळे. ट्रक बनायचा तो डॉजचा. पण बाकीच्या डीलरना पण विकायला ट्रक पाहिजे होता. मग कंपनीने सोपा मार्ग काढला. त्याच ट्रकची जाळी आणि नावाची पट्टी थोडी बदलायची आणि दुसऱ्या नावाने विकायचा. कॅनडात प्लायमाऊथ-क्रायस्लरच्या डीलरकडे तो फारगो झाला आणि १९७२ पर्यंत त्या नावाने विकला गेला. बाहेरच्या देशांत कुठे तो डिसोटो झाला. तुर्कस्तानात तर फारगो आणि डिसोटो ही नावं अमेरिकेने सोडून दिल्यावरही कित्येक वर्षं चालू राहिली.

म्हणजे पट्टीवरून फक्त एवढंच कळतं की गाडी कुठल्या दुकानातून विकली गेली. ती कधी बनली आणि कुठे बनली, हे पट्टी सांगत नाही.

आता वालचंद.

वालचंदचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ चा, सोलापूरचा. घराणं मूळचं गुजरातेतल्या वांकानेरचं, दिगंबर जैन. सोलापुरात सावकारी आणि कापसाचा धंदा. घरात गुजराती, दारात मराठी. पोराला शिकायला मुंबईच्या सेंट झेवियर्समध्ये घातलं, पण पदवी काही पूर्ण झाली नाही. घरचा धंदा बघायला तो परत आला आणि त्यात त्याचं मन रमेना.

मग त्याला लक्ष्मणराव बळवंत फाटक भेटले. फाटक आधी रेल्वेत कारकून होते, नंतर छोटी-मोठी कंत्राटं घेऊ लागले होते. फाटकांकडे रेल्वेच्या कामाची माहिती होती, वालचंदकडे भांडवल उभं करायची ताकद होती. दोघांनी भागीदारी केली आणि बार्शी लाइट रेल्वेच्या कामापासून सुरुवात झाली. सावकाराचा पोरगा रुळाच्या कडेला उभा राहून माती-खडीचा हिशोब करू लागला.

पुढे ही भागीदारी टाटा कन्स्ट्रक्शनमध्ये सामील झाली. मुंबई-पुणे रेल्वेमार्गावरचे बोरघाटातले बोगदे आणि मुंबईला पाणी आणणारी तानसाची पाइपलाइन या कामांशी वालचंदचं नाव जोडलं गेलं. १९२६ मध्ये त्याने हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन कंपनी काढली. आज एचसीसी म्हणतात ती हीच.

इथे एक गोष्ट लपवायची गरज नाही. वालचंद स्वदेशीचा कट्टर माणूस होता, पण त्याचा पाया ब्रिटिश सरकारच्या कंत्राटांवर उभा राहिला होता. ज्या सरकारकडून बिलं पास करून घ्यायची, त्याच सरकारशी भांडायचं, असं त्याचं आयुष्यभर चाललं. त्यावरून त्याच्यावर टीकाही झाली.

पहिलं मोठं भांडण समुद्रावर झालं.

१९१९ मध्ये ग्वाल्हेरच्या शिंदे सरकारांची एक जुनी बोट विकायला निघाली. नाव लॉयल्टी. वालचंदने नरोत्तम मोरारजी आणि इतर साथीदारांसोबत ती घेतली आणि सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी उभी राहिली. ५ एप्रिल १९१९ ला लॉयल्टी मुंबईहून लंडनला निघाली. आपण ५ एप्रिलला राष्ट्रीय सागरी दिन पाळतो, तो या प्रवासामुळे.

पण या लॉयल्टीची पण नावाची गोष्ट आहे. ती मुळात कॅनेडियन पॅसिफिक कंपनीची एम्प्रेस ऑफ इंडिया. पहिल्या महायुद्धात ग्वाल्हेरच्या महाराजांनी विकत घेऊन तिला हॉस्पिटलची बोट केली, तेव्हा नाव बदललं. म्हणजे भारतीय जहाज उद्योगाची पहिली बोट दुसऱ्याने बांधलेली होती आणि तिच्यावर नावाची तिसऱ्याच कुणाची पट्टी होती.

धंदा म्हणून लॉयल्टी फारशी चालली नाही. १९२३ मध्ये ती भंगारातही गेली. ब्रिटिश कंपन्यांनी दर पाडून सिंदियाला बुडवायचा प्रयत्न केला. शेवटी त्यांच्याशी करार करून वाटा ठरवून घ्यावा लागला. कंपनी मात्र टिकली आणि १९२९ पासून वालचंद तिचा अध्यक्ष झाला. त्याला या प्रकरणातून एक गोष्ट पक्की कळली होती. दुसऱ्याने बनवलेली वस्तू विकत घेऊन आपलं नाव लावलं की आपण फक्त गिऱ्हाईक असतो. वस्तू बनवता आली पाहिजे.

मग त्याने बनवायला सुरुवात केली. नाशिक जिल्ह्यात रावळगावला आधी शेती आणि मग साखर कारखाना. लहानपणी खाल्लेलं रावळगावचं चॉकलेट तिथलंच. पुणे जिल्ह्यात इंदापूर तालुक्यात कळंबजवळ दुसरा साखर कारखाना. त्या माळरानावर वसलेलं गाव म्हणजे वालचंदनगर.

आणि १९३० च्या दशकात त्याच्या डोक्यात मोटार शिरली.

तेव्हा भारतात मोटारी आणि ट्रक नव्हते असं नाही. फोर्डने मुंबईत जुळणी सुरू केली होती. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये शिवडीला शेवरोलेच्या गाड्या जोडायला घेतल्या होत्या. पण जोडायला म्हणजे फक्त जोडायला. सुटे भाग पेटीत भरून बोटीने यायचे, इथे नट-बोल्ट आवळले की गाडी तयार.

त्यातही एक मेख होती. अमेरिकेत स्टिअरिंग डावीकडे, आपल्याकडे उजवीकडे. कॅनडा ब्रिटिश साम्राज्यातला देश, त्यामुळे साम्राज्यातल्या देशांना माल पाठवताना त्याला जकातीत सवलत मिळायची. म्हणून अमेरिकन कंपन्यांच्या कॅनडातल्या कारखान्यांमधून उजव्या स्टिअरिंगच्या गाड्या साम्राज्यभर जायच्या. आपले आजोबा ज्याला अमेरिकन ट्रक म्हणायचे, त्यातले बरेच खरं तर कॅनडाचे होते.

मोटार इथेच बनावी, असं सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांचंही म्हणणं होतं. त्यांनी परदेशात फिरून मुंबईसाठी कारखान्याची योजना आखली होती. वालचंद त्यात उतरला. मुंबई प्रांतात बाळासाहेब खेरांचं काँग्रेस मंत्रिमंडळ होतं आणि ते मदतीला तयार होतं. पण सप्टेंबर १९३९ मध्ये महायुद्ध पेटलं आणि नोव्हेंबरपर्यंत काँग्रेसच्या मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले. घरचा आधार गेला.

त्याच १९३९ मध्ये वालचंद अमेरिकेत जाऊन आला होता. आधी फोर्डकडे बोलणी झाली. पण भारताचे हक्क फोर्डच्या कॅनडातल्या कंपनीकडे होते आणि तिथून काही जमलं नाही. मग तो क्रायस्लरकडे वळला आणि तिथे करार ठरला.

करार झाला, पण दिल्लीतलं ब्रिटिश सरकार तयार होईना. युद्ध चालू असताना यंत्रं आणायला डॉलर आणि परवाने द्यायला त्याने नकार दिला. फौजेला हजारो ट्रक लागत होते, ते बाहेरून आणले जात होते आणि इथे कारखाना काढायला तयार असलेला माणूस दाराशी ताटकळत होता.

दुसरा कुणी असता तर गप्प बसला असता. वालचंदने याच काळात आणखी दोन कारखाने काढले.

अमेरिकेहून परतताना विमानात त्याची विल्यम पॉली या अमेरिकन विमान व्यावसायिकाशी ओळख झाली. त्या गप्पांमधून डिसेंबर १९४० मध्ये म्हैसूर संस्थानाच्या भागीदारीत बंगळुरूला हिंदुस्थान एअरक्राफ्ट उभी राहिली. आजची एचएएल. १९४१ मध्ये तिथे जोडलेलं विमान उडालं आणि १९४२ मध्ये सरकारने कारखाना ताब्यात घेतला.

तिकडे विशाखापट्टणमला जहाज बांधायची गोदी. २१ जून १९४१ ला डॉ. राजेंद्र प्रसादांच्या हस्ते पायाभरणी झाली. एप्रिल १९४२ मध्ये जपानने विशाखापट्टणमवर बॉम्ब टाकले आणि काम विस्कटलं. तरी १४ मार्च १९४८ ला जलउषा ही बोट पंडित नेहरूंच्या हस्ते पाण्यात उतरली. ती मात्र इथेच बांधलेली होती.

आणि मोटार? युद्ध संपत आलं तेव्हा, १९४४ मध्ये, प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन झाली. करार तोच, क्रायस्लरशी. जागा कुर्ला. १९४७ मध्ये, देश स्वतंत्र होण्याच्या वर्षीच, कुर्ल्यातून गाड्या बाहेर पडू लागल्या. वालचंद तेव्हा पासष्टीला टेकला होता.

कुर्ल्यात डॉज, डिसोटो, प्लायमाऊथच्या मोटारी आणि डॉज, फारगो, डिसोटो नावाचे ट्रक तयार होऊ लागले. सुरुवातीला इथेही बरेच भाग बाहेरूनच यायचे. म्हणजे फोर्ड आणि जनरल मोटर्स करत होते तेच. फरक एवढाच की इथे एकेक भाग हळूहळू आपल्याकडे बनवायचा, हे सुरुवातीपासून ठरलेलं होतं.

याच टप्प्यावर आपण त्या बांधावरच्या सांगाड्याकडे परत जाऊ. कारण तो ओळखायचा कसा, हे आता समजेल.

पहिलं, समोरची काच बघा. डॉजच्या ट्रकला १९५३ पर्यंत मधे दांडी असलेली दोन तुकड्यांची काच होती. १९५४ ला एकसंध बाकदार काच आली. १९५५ मध्ये बाजूला वळलेली काच आली. १९५८ ला पुढे दोनाऐवजी चार दिवे आले.

दुसरं, जाळी. १९४८ ला ट्रकचं पूर्ण रूप बदललं आणि १९५१ ला जाळी पुन्हा बदलली. एक लक्षात ठेवा, अमेरिकेत मॉडेलचं वर्ष कॅलेंडरच्या आधी सुरू होतं. १९४८ चं मॉडेल डिसेंबर १९४७ मध्येच बनायला लागलं होतं.

तिसरं, स्टिअरिंग. उजवीकडे असेल तर ती गाडी अमेरिकेच्या बाजारासाठी बनलेली नाही, विषय संपला.

चौथं, इंजिन. लहान ट्रक असेल आणि जुनं सहा सिलिंडरचं पेट्रोल इंजिन शाबूत असेल तर टेप घ्या आणि इंजिनाच्या हेडची लांबी मोजा. साधारण २३ इंच भरली तर अमेरिकन बनावटीचं, २५ इंच भरली तर कॅनडाचं. मोठ्या ट्रकना ही युक्ती लावू नका, त्यांच्यात अमेरिकेतही लांब इंजिन असायचं. ट्रकच्या इंजिन नंबरची सुरुवात टी अक्षराने होते, तो नंबर ब्लॉकवर डाव्या बाजूला ठोकलेला असतो. आणि पर्किन्सचं डिझेल इंजिन दिसलं तर समजा की गाडी इथल्या गिऱ्हाइकासाठी तयार झाली किंवा इथे बदलली गेली. अमेरिकेतला डॉज तेव्हा पेट्रोलवर पळत होता, आपल्याकडे मात्र मालकाला डिझेलच परवडायचं.

पाचवं, नंबर प्लेट. एमएच आणि पुढे आकडा ही पद्धत १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानंतरची. त्यामुळे जुन्या ट्रकवर एमएच १४ दिसलं तर ती गाडीची नंतरची नोंद आहे, जन्मतारीख नाही. कागदावरचं वर्षसुद्धा नोंदणीचं असतं, मॉडेलचं नाही.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. काचेवरून आणि जाळीवरून जे वर्ष निघतं ते अमेरिकेचं. तिथे दर एक-दोन वर्षांनी गाडीचं तोंड बदलायचं, कारण गिऱ्हाईक नवं मागायचं. आपल्याकडे साचे एकदा आले की त्यांची किंमत वसूल होईपर्यंत, आणि त्यानंतरही, तेच चालायचे. प्रीमियर पद्मिनी घ्या. मुळात ती १९६० च्या दशकातली फियाट, आणि मुंबईतली तिची शेवटची टॅक्सी रस्त्यावरून गेली ऑक्टोबर २०२३ मध्ये. म्हणून भारतातल्या डॉज-फारगोचं तोंड बघून फार तर एवढं सांगता येतं की ही गाडी अमुक सालाच्या आधीची नाही. नंतरची कितीही असू शकते.

जुन्नरच्या नाणेघाटातली व्यापारी वाट किती जुनी हे तिथल्या ब्राह्मी शिलालेखावरून कळतं. ट्रकचा शिलालेख म्हणजे चासीवर आणि ब्लॉकवर ठोकलेले नंबर आणि सुट्या भागांवरचे शिक्के. भागांवर भारतीय कारखान्यांची नावं जितकी जास्त, तितकी गाडी वालचंदच्या स्वप्नाच्या जवळची.

ते स्वप्न त्याला किती बघायला मिळालं? फार थोडं.

१९४९ मध्ये त्याला पक्षाघाताचा झटका आला. त्याच वर्षी सरकारने पूर्ण तयार गाड्यांच्या आयातीवर बंदी घातली. म्हणजे ज्या धोरणासाठी तो दहा वर्षं भांडला ते येऊ लागलं आणि तेव्हाच त्याचं शरीर थकलं. १९५० मध्ये तो कारभारातून बाजूला झाला. शेवटची वर्षं पत्नी कस्तुरबाईंनी त्याची सेवा केली. ८ एप्रिल १९५३ ला गुजरातेत सिद्धपूर इथे तो गेला. वय ७०.

त्याच १९५३ मध्ये टॅरिफ कमिशनचा अहवाल आला. ज्यांच्याकडे गाडी इथे बनवायचा कार्यक्रम नाही, नुसती जुळणी आहे, त्यांनी धंदा गुंडाळावा, असं धोरण ठरलं. फोर्ड आणि जनरल मोटर्स निघून गेल्या. कुर्ल्याचा कारखाना राहिला. जी अट कधी काळी वालचंद स्वतःहून घालून घेत होता, ती आता देशाची अट झाली होती. फक्त ते बघायला तो नव्हता.

पुढचा प्रवास सरळ नाही. १९५४ मध्ये टाटा-मर्सिडीजचे ट्रक आले आणि हळूहळू रस्ता त्यांचा झाला. प्रीमियरची ओळख ट्रकपेक्षा फियाटमुळे जास्त राहिली. बाजार खुला झाल्यावर तीही मागे पडली. कुर्ल्याच्या कारखान्याच्या जागेवर आज इमारती आहेत. इथे एकदा बनवायला लागलो की जिंकलोच असं नसतं, हेही या गोष्टीतून कळतं. वर्षानुवर्षं तेच साचे वापरण्याची किंमत शेवटी मोजावी लागते.

पण एक गोष्ट खरी. जिथे रेल्वे पोहोचली नाही अशा तालुक्यांचा माल ट्रकने शहरात नेला. आयुष्याची सुरुवात रेल्वेच्या रुळावर करणाऱ्या माणसाने शेवटी रूळ नसलेल्या गावांच्या कामाची गाडी बनवली.

त्यामुळे पुढच्या वेळी मंचरला किंवा आळेफाट्याला असा सांगाडा दिसला तर नावाच्या पट्टीचा फोटो काढून थांबू नका. काचेचा काढा, स्टिअरिंगचा काढा, चासीवरच्या नंबरचा काढा. आणि जमलं तर खाली वाकून एखाद्या गंजलेल्या भागावरचा शिक्का पुसून बघा. ट्रक अमेरिकन की आपला, याचं उत्तर तिथे सापडेल.